गणपतीपुढचा जर्मन झेंडा

सगळं सुरू झालं ते बँकेतल्या दुपारच्या चहापासून. नवीन जालन्यातल्या आमच्या शाखेत चहाच्या वेळी जगाच्या राजकारणाचा निकाल लागतो, आणि निकाल देणाऱ्यांपैकी कुणी जालन्याच्या स्टेशनापलीकडे फारसं गेलेलं नसतं. त्या दिवशी एका सहकाऱ्यानं मोबाइलवर महायुद्धाचा कुठलासा सिनेमा पाहिला होता. तो म्हणाला, बाकी सगळं ठीक, पण एवढे लाखो ज्यू मेंढरांसारखे मुकाट गाडीत जाऊन बसले कसे? एकानंही हात उचलला नाही? दुसरा म्हणाला, त्या जर्मन हुकूमशहासारखा एक माणूस आपल्याकडं पाहिजे होता, सगळे सरळ झाले असते. आणि सगळे हसले.

मला राग लवकर येतो. माझा मुलगा म्हणतो, आईला राग यायला निमित्त लागत नाही, नुसतं माणूस समोर लागतं. पण त्या दिवशी निमित्त होतं. तरुणपणी मी वाचनालयातून फोटोंचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं आणि त्यानं मला कितीतरी रात्री झोपू दिलं नव्हतं. पुढं तेच पुस्तक पुण्याच्या जुन्या बाजारात दिसलं तेव्हा मी ते विकत घेतलं. म्हणून मी कप खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं. पोलंडच्या राजधानीत ज्यूंच्या वस्तीभोवती भिंत घातली होती. आत भूक, ताप आणि रोज उचलून नेली जाणारी माणसं. तिथं विशी-बाविशीतल्या पोरापोरींनी थोडी पिस्तुलं आणि घरी केलेले बॉम्ब घेऊन एका अख्ख्या फौजेला आठवडेच्या आठवडे अडवून धरलं. जंगलांत टोळ्या होत्या, छावण्यांतसुद्धा उठाव झाले. आणि ज्यांच्या हातात बंदूक नव्हती ते चोरून शाळा भरवत होते, भिंतीच्या भगदाडातून पाव आणत होते, आपल्यावर काय गुजरतंय ते लिहून जमिनीत पुरत होते. मरणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी केलं.

मग तो सहकारी बिस्कीट बुडवत म्हणाला, "असं असंल मॅडम, पण मंग पिक्चरमध्ये का न्हाई दाखवत?"

काही सिनेमांत दाखवलंही असेल, पण आमच्या मोबाइलपर्यंत पोचतो तो धूर आणि रणगाडे. कडक हेडमास्तरला आम्ही त्या हुकूमशहाचं नाव ठेवतो, तेही कौतुकानं. स्टॅंडजवळच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र यशस्वी कसं व्हावं सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मिळतं. त्याच्याशी लढणाऱ्या पोरींची नावं मात्र त्या फुटपाथवर कुणी मांडलेली नाहीत. मी दिवसभर धुमसत राहिले आणि संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष यंदाच्या देखाव्याचं विचारायला घरी आले. माशी तिथंच शिंकली.

मंडळाचे देखावे बरीच वर्षं मी लिहिते. आमचा देखावा जिवंत असतो. म्हणजे मूर्तीच्या बाजूला मोठं स्टेज, त्यावर कॉलनीतलीच माणसं नुसता अभिनय करतात, आणि संवाद, निवेदन, संगीत हे सगळं आधीच ध्वनिमुद्रित करून लाउडस्पीकरवर वाजतं. स्टेजवरच्यांनी तोंड उघडायचं नाही. पंधरावीस मिनिटांचा खेळ संपला की मूर्तीवरचे दिवे लागतात, आरती होते आणि पुढच्या गर्दीसाठी पुन्हा पहिल्यापासून. एरवी विषय किल्ले, संत आणि स्त्रीभ्रूणहत्या यांच्यात फिरत असतो. या वेळी मी म्हटलं, ज्यूंचा उठाव.

अध्यक्षांनी डोकं खाजवलं. भला माणूस, खतांचा व्यापार, माझा शब्द मोडायची त्यांना सवय नाही. लोकांना कळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, शेवटी जिंकतं कोण? मी म्हटलं, कुणी नाही, जवळपास सगळे मरतात.

"काकू, गणपतीपुढं हारून चालत न्हाई," ते म्हणाले.

हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे आणि तो मी इतकी वर्षं पाळत आले होते. देखाव्यात राक्षस मेलाच पाहिजे, म्हणजे मग आरतीला जोर येतो. बराच वेळ घासाघीस झाली आणि मी एक शेवट रचला. उठावातली एक पोरगी भिंतीवर चढते, जर्मन झेंड्याची दोरी ओढते, झेंडा खाली पडतो, सगळे त्याच्यावर पाय देऊन उभे राहतात. धूर, शंख, आरती. अध्यक्ष खूश झाले. माझंही समाधान झालं, कारण लेखकाला टाळीचा मोह सुटत नाही.

ती पोरगी माझी सून होती. तीर्थपुरीच्या शेतकरी घरातली, लग्नाला दोन वर्षं झालेली, इथल्या एका बियाण्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. बोलणं मोजकं. मी तोफखाना आणि ती दारूगोळा ओला करणारी, असं माझा मुलगा म्हणतो. स्टेजवर यायला ती आधी नाहीच म्हणाली होती, पण बोलायचं नाही हे कळल्यावर तयार झाली. तिचं काम होतं भिंतीबाहेरून पाव चोरून आणणाऱ्या मुलीचं. पाव गुंडाळायला मी तिला गिफ्टचा चकचकीत कागद दिला, तर तो तिनं बाजूला ठेवला आणि घरातलं भाकरीचं फडकं घेतलं. पांढरं, दोन्ही काठांना निळ्या रेघा, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. तिच्या आईनं शेतातल्या भाकरी बांधायला वापरलेलं, लग्नात भांड्यांबरोबर आलेलं. मी म्हटलं, हे मळकट दिसेल. ती म्हणाली, भाकर आणणारीचं फडकं असंच दिसतं.

तालमीच्या दिवसांत मी तिला ते फोटोंचं पुस्तक दाखवलं. तिनं एकेक पान सावकाश पाहिलं. हात वर केलेल्या बायका, भिंतीपाशी उभे केलेले तरुण, तळघरातून ओढून काढलेल्या, टोप्या तिरक्या घातलेल्या दोन-तीन मुली, कॅमेऱ्याकडं सरळ बघणाऱ्या. एका पानावर थांबून तिनं विचारलं, "आई, हे फोटो काढले कुणी?"

मी सांगितलं की यातले बहुतेक जर्मनांनीच काढलेत. मोहीम कशी फत्ते केली ते साहेबाला दाखवायला. उठाव करणाऱ्यांकडं कॅमेरे कुठले असणार.

"म्हंजी पकडायला आलेल्यांनीच," ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं. मी इतकी वर्षं ते पुस्तक चाळत होते आणि हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर ते नव्यानं कळलं. त्या पोरींचे आपल्यापाशी उरलेले चेहरे त्यांच्या शिकाऱ्यांच्या नजरेतून उरलेत.

त्याच बोलण्यात मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. उठाव करणाऱ्यांनी एका उंच इमारतीच्या छतावर आपले झेंडे लावले होते, एक त्यांचा निळापांढरा आणि एक पोलंडचा. भिंतीपलीकडच्या शहराला ते दिसत होते आणि ते खाली उतरवायला फौजेला फार झगडावं लागलं. सुनेनं विचारलं, मग आपल्या देखाव्यात हे का नाही? मी म्हटलं, अगं, काठीला कापड बांधण्यात काय नाट्य आहे? लोक टाळ्या वाजवतात ते काहीतरी पडल्यावर. आणि तोवर निवेदन माझ्या आवाजात मुद्रित झालंही होतं, "तिनं तो झेंडा खाली खेचला!" असं, खालून शंखनाद देऊन.

पहिल्या खेळाच्या दिवशी मी बँकेतून तडक मांडवात आले. झेंडा दुपारी येणार होता. गावातले निम्मे फलक ज्यांच्या हातचे, त्या पेंटरना मी काम दिलं होतं आणि कागदावर काढून दिलं होतं, लाल कापड, पांढरं वर्तुळ, आत तिरकं काळं चिन्ह. मान वर करून पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली.

लाल कापड होतं. पांढरं वर्तुळ होतं. आणि आत होता आपला स्वस्तिक. सरळ, कुंकवाच्या रंगाचा, चारी घरांत चार ठिपके दिलेला, कुठल्याही दुकानाच्या दारावर दिवाळीत असतो तसा. खाली मांडवाच्या खांबापाशी कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं होतं. दर्शनाला आलेल्या एक बाई मूर्तीला हात जोडून झाल्यावर वळल्या आणि त्यांनी जर्मन फौजेच्या झेंड्यालाही हात जोडले.

पेंटर तिथंच ब्रश धूत बसले होते. मी त्यांच्यावर तुटून पडले. ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "बाई, गणपतीपुढं काळा स्वस्तिक काढू? माझा हातच चालला न्हाई. आन् वाकडा काढला तं लोक म्हणतील, पेंटरला येत न्हाई." ठिपक्यांचं विचारलं तर ते माझ्याकडं नवलानं बघायला लागले. ठिपके नाही दिले तर तो स्वस्तिक पुरा कसा होईल? आयुष्यभर दारं, तिजोऱ्या आणि लग्नाच्या भिंती रंगवणारा माणूस, त्यानं जे केलं ते मनापासून केलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. दुष्टांचा झेंडा म्हणून आम्ही देवाचा स्वस्तिक उभारला होता, आणि तासाभरात माझी सून तो शेकडो लोकांसमोर ओढून पायाखाली घेणार होती.

तेवढ्यात मुलगा आला. दिवसा तो नोकरी करतो, देखाव्यात ध्वनियंत्रणा त्याची. चेहरा उतरलेला. त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. कुठल्यातरी ग्रुपवर निरोप फिरत होता, गणपतीसमोर आज स्वस्तिक पायदळी तुडवणार, सगळ्यांनी जमा. खाली आमच्या मंडळाचा पत्ता आणि वर झेंड्याचा फोटो. तालमीला रोज कोण ना कोण येऊन उभं राहायचं, त्यातल्या कुणाला शेवट ठाऊक होता. आज झेंडा पाहून त्यानं दोन्ही जोडलं असणार. त्याचा दोषही मला देता येईना, कारण निरोपात खोटं काहीच नव्हतं.

इकडं आड तिकडं विहीर, तसं झालं. झेंडा उतरवावा तर स्वस्तिक उतरवताना सगळे बघणार. त्यावर काळा रंग फासावा तर मग बोलायलाच नको. खेळ रद्द करावा असं अध्यक्ष म्हणाले, पण रद्द केला म्हणजे मनात पाप होतं हे कबूल केल्यासारखं, आणि तो निरोप उद्या आमच्या घरच्या पत्त्यासकट फिरला असता. मोटारसायकली यायला लागल्या होत्या. माणसं उतरत होती ती मूर्तीकडं न जाता सरळ स्टेजपुढं येऊन उभी राहत होती. पोरं नव्हती ती, चांगले बापे होते, घामेजलेले, कामावरून आलेले. आरडाओरडा नव्हता. प्रत्येकानं फक्त मोबाइल बाहेर काढून ठेवला होता. मला त्यांच्या शांतपणाचीच भीती वाटली.

पडद्यामागं मुलगा माझ्यावर चिडला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा बोलला नव्हता. तो म्हणाला, तुझ्या रागापायी आज तिला यांच्यापुढं उभी करतेस, तिचा व्हिडिओ निघाला तर ती उद्या नोकरीवर कशी जाईल, माहेरी तोंड कसं दाखवेल? "तिला उतरव आई. बिलकुल नको आता." तो बरोबर बोलत होता.

सून डोक्याला रुमाल बांधून, अंगात जुना कोट घालून खोक्यावर बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला पाव. तिनं आमचं सगळं ऐकलं आणि उठली.

"मी झेंड्याला हात लावत न्हाई," ती म्हणाली. "मी वर पोचले की तुम्ही आवाज बंद करा. बस."

पुढं काय करणार असं मुलानं दोनदा विचारलं. ती फडक्याची गाठ तपासत राहिली. मी म्हटलं, नको जाऊस पोरी. ती म्हणाली, न गेले तरी तो व्हिडिओ होणारच, मग निदान जाऊन होऊ द्या. आणि ती विंगेत जाऊन उभी राहिली. अध्यक्षांना नाइलाजानं हो म्हणावं लागलं.

खेळ सुरू झाला. लाउडस्पीकरमधून माझा आवाज यायला लागला, भारदस्त, सगळं ठाऊक असल्यासारखा. मी विंगेत त्या आवाजाला ऐकत होते आणि ही बाई कोण एवढी शहाणी, असं मला वाटत होतं. भिंत दिसली. चोरून भरलेली शाळा दिसली. सून भिंतीच्या भगदाडातून वाकून आली, फडकं सोडलं, पाव मुलांत वाटला आणि फडकं घडी करून कमरेला खोचलं. तिथं पुढच्या रांगेतल्या कुणी चुळबूळही केली नाही. मग शिपाई आले, लाकडी बंदुका, फटाक्यांचे आवाज, धूर. पोरं पडली. निवेदन शेवटाकडं निघालं आणि समोरचे मोबाइल एकदम वर गेले, छातीच्या उंचीवरून डोक्याच्या वर. अंधारात मोबाइलच्या दिव्यांच्या उजेडांची रांग तेवढी दिसत होती आणि सगळे उजेड माझ्या सुनेवर रोखलेले होते.

ती शिडी चढली. झेंड्याची दोरी तिच्या उजव्या हाताशी लोंबत होती. गर्दीतून एक आवाज आला, "हात लावू नको हां." दुसरा कुणी काहीतरी बोलला ते कळलं नाही, पण गर्दी स्टेजकडं सरकली, बांबूचा कठडा करकरला. अध्यक्ष दोन्ही हात पसरून पुढं उभे राहिले.

माझा आवाज लाउडस्पीकरमध्ये म्हणाला, "आणि तिनं..." आणि बंद झाला.

मुलानं कळ दाबली होती. संगीत गेलं, शंख गेला. नुसता जनरेटरचा आवाज राहिला. सून शिडीच्या शेवटच्या पायरीवर होती. दोरीला तिनं हात लावला नाही. भिंतीच्या टोकाला हॅलोजनसाठी एक उंच बांबू उभा केलेला होता, झेंड्यापेक्षाही वर गेलेला. तिनं त्याला हात घातला, पाय भिंतीच्या फळीवर टेकवला आणि वर चढायला लागली. फळी प्लायवूडची, मागून दोन खिळ्यांवर धरलेली. मी देवाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, आठवत नाही. जितकं वर जाता येईल तितकं ती गेली. एका हातानं बांबू धरला, दुसऱ्या हातानं कमरेचं फडकं काढलं, एक टोक दातात धरलं आणि गाठ मारली. घट्ट, भाकरी बांधतात तशी. मग फडक्यावरचा हात सोडला.

हॅलोजनच्या उजेडात ते पांढरं फडकं उघडलं. निळ्या रेघा खालपर्यंत दिसल्या.

जिवंत देखाव्यात स्टेजवरच्यांनी बोलायचं नसतं. ती बोलली. माइक नव्हता, आवाजही मोठा काढला नाही, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी पाडायला आले न्हाई. लावायला आले."

नंतर ती तिथंच राहिली, बांबूला धरून. शिपाई झालेली पोरं बंदुका धरून वर बघत होती, त्यांना पुढचं काही ठरवून दिलेलं नव्हतं. समोरची माणसंही तशीच वर बघत होती. टाळी नाही, शिवी नाही. लोकांना यावर काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांना मात्र एकच गोष्ट ठाऊक होती, देखाव्यानंतर आरती. त्यांनी घाबऱ्या आवाजात आरतीला सुरुवात केली, पट्टी चुकली, तरी मागून दोघा-चौघांनी उचलली. आणि आरतीला हात रिकामे लागतात. मोबाइल धरून टाळ्या वाजवता येत नाहीत. मी बघत होते, एकेक उजेड खाली आला, खिशात गेला, आणि ते घामेजलेले बापे टाळ्या वाजवायला लागले. चिडून आलेल्या माणसाचीसुद्धा आरतीत टाळी चुकत नाही, हे आमच्याकडचं वैशिष्ट्य. एक मोबाइल तेवढा बराच वेळ वर राहिला.

मुलानं तिला खाली उतरवलं. तिच्या तळव्यांत बांबूची कुसळं गेली होती. मुलगा चष्मा पुसत कुसळं काढत बसला आणि तिला रागावतही राहिला. मी तिला जवळ घेतलं आणि मला रडू आलं. मी सहसा कुणासमोर रडत नाही, पण त्या दिवशी मला कुणाची लाज वाटली नाही. एवढी घाबरले होते मी, आणि एवढा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी निवेदनाचा शेवट मी नव्यानं मुद्रित केला. ते हरले, पण त्यांचा झेंडा काही दिवस साऱ्या शहराला दिसला, एवढंच. शंख काढून टाकला. सुनेसाठी भिंतीला पक्की शिडी लावली. रोज खेळ संपल्यावर शिपायाचं काम करणाऱ्या पोरांनी फडकं उतरवून पुढच्या खेळाला खाली द्यावं असं ठरलं, तर त्यांच्यातल्या एकानं सांगितलं, आम्ही न्हाई उतरवणार, ते उतरवणारे कोण होते ते काकूंनीच सांगितलंय. मग सूनच रोज चढून लावायची आणि चढून काढायची. माझं हाय, मीच काढते, म्हणायची. पेंटरच्या झेंड्याला लोक शेवटच्या दिवसापर्यंत हात जोडत राहिले. त्याला माझा इलाज नव्हता. बँकेतला सहकारी बायकोला घेऊन येऊन गेला आणि सोमवारी चहाला म्हणाला, चांगलं होतं मॅडम, पण हारलेच ना शेवटी. मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

विसर्जन झाल्यावर लक्षात आलं की आमच्याकडं पहिल्या खेळाचं चित्रीकरणच नाही. मुलगा यंत्रापाशी होता, मी विंगेत, बाकीचे स्टेजवर. नंतरच्या खेळांचे फोटो भरपूर होते, पण त्यांत शिडी होती, ठरलेलं होतं. त्या पहिल्या संध्याकाळचं काहीच उरलं नाही याची मला चुटपुट लागली.

मग एके दिवशी मुलाला कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. ज्या ग्रुपवर तो निरोप फिरला होता तिथूनच आलेला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभं राहून तो पाहिला, सुनेचे हात पिठात. चित्र हलतं आहे, पुढच्या डोक्यांमधून वर रोखलेलं. ती शिडी चढते आहे आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा आवाज अगदी जवळून, दबका, दात आवळलेला. "बघा, आता वढती. आता वढती बघा." मग माझा आवाज बंद पडतो. ती बांबूवर चढते. तो माणूसही गप्प होतो, त्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. फडकं उघडतं. ती बोलते. चित्र आता हलायचं थांबलेलं असतं, त्यानं दोन्ही हातांनी मोबाइल धरला असावा. बऱ्याच वेळानं तो हळूच, शेजाऱ्याला की स्वतःलाच, म्हणतो, "आरं, हे तं भाकरीचं फडकं हाय. आमच्या मायचं असंच हाय." मागून आरती सुरू होते.

मला ते पुस्तकातले फोटो आठवले. सुनेलाही तेच आठवलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं हात पुसून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

मुलगा म्हणाला, आपल्यासाठी ठेवून घेऊ, त्या माणसाचा आवाज मी काढून टाकतो.

"नका काढू," ती म्हणाली. "तो पकडायला आल्ता. आन् त्याला दिसलं. ते बी ऱ्हाऊ द्या."